व्हाइन, व्हिंज आणि नॅग : इंग्रजीतली पिरपिर कुठे आणि कशी वापरायची

इंग्रजीत साधी तक्रार करायची तर 'कम्प्लेन' हा एक शब्द पुरतो. पण तीच तक्रार त्याच सुरात, ऐकणाऱ्याचं डोकं उठेपर्यंत चालू राहिली की शब्दांची रांग लागते: व्हाइन, व्हिंज, नॅग, ग्रम्बल, ग्राइप, कार्प. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आमच्या घरी संध्याकाळी इंग्रजी शिकायला जी मुलं येतात, त्यांतली बरीचशी ऑस्ट्रेलिया नाहीतर कॅनडाच्या वाटेवर असतात. परीक्षेसाठी शब्दांच्या याद्या पाठ करून येतात आणि त्या याद्यांत या सगळ्यांसमोर एकच अर्थ असतो, 'तक्रार करणे'. अर्थ खोटा नाही, पण अपुरा आहे. अपुरा अर्थ घेऊन माणूस घरमालकाला लिहायला बसला की काय होतं, ते माझ्याच एका विद्यार्थ्याने मेलबर्नहून कळवलं.

त्याच्या भाड्याच्या घरात स्वयंपाकघरातला नळ गळत होता. त्याने मालकाला मेसेज केला: 'आय ॲम व्हाइनिंग अबाउट द टॅप सिन्स टू वीक्स.' मालकाने हसणारा चेहरा पाठवला, प्लंबर काही पाठवला नाही. "मावशी, यात चुकलं काय?" पोराचा प्रश्न. चुकलं दोन ठिकाणी. 'सिन्स टू वीक्स' हे आपलं देशी इंग्रजी, 'दोन आठवड्यांपासून' जसंच्या तसं उचललेलं. तिथे 'फॉर टू वीक्स' हवं आणि क्रियापद 'हॅव बीन'वालं. पण तेवढं त्या मालकाने पोटात घातलं असतं. घोळ घातला तो 'व्हाइनिंग'ने. पोराने लिहिलं होतं, 'दोन आठवडे मी नळावरून तुमच्यापाशी पिरपिर करतोय.' पिरपिर करणाऱ्याकडे कोण लक्ष देतो?

'व्हाइन' हा तक्रार करणाऱ्यावर मारलेला शेरा आहे. तक्रार खरी की खोटी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सूर रडका आहे, ऐकून कंटाळा आला आहे, एवढंच तो सांगतो. म्हणून हा शब्द बहुतेक वेळा दुसऱ्याबद्दल वापरतात, आणि स्वतःबद्दल वापरला तर थट्टेने. माझ्या वर्गात यासाठी एक साधी चाचणी आहे. वाक्यातल्या 'व्हाइन'च्या जागी 'पिरपिर' घालायची आणि ते वाक्य मराठीत मोठ्याने म्हणायचं. तोंडातून निघताना लाज वाटली तर इंग्रजीतही तो शब्द तिथे नको. 'साहेब, मी पगारवाढीबद्दल पिरपिर करायला आलोय' असं कुणी म्हणेल का? मग 'आय हॅव कम टू व्हाइन अबाउट माय सॅलरी' हेही नाही. उलट 'सारखी काय पिरपिर लावलीय, गप बस' हे आपण दिवसातून कितीदा म्हणतो. तिथे 'स्टॉप व्हाइनिंग' चपखल बसतं.

उच्चार

इथे आपल्या लिपीची एक गंमत आड येते. मराठीत आपण 'व्ह' लिहितो तो इंग्रजी व्ही अक्षरासाठी: व्हॅन, व्हिडिओ, व्होट. आणि डब्ल्यूसाठी साधा 'व' लिहितो: वॉटर, वेटर. 'व्हाइन'ची सुरुवात डब्ल्यू आणि एच या अक्षरांनी होते. म्हणजे आमच्या हिशेबाने त्याला 'वाइन' असंच लिहायला हवं, आणि इंग्लंड-अमेरिकेतले बहुतेक लोक म्हणतातही तसंच, पेल्यातल्या वाइनसारखं. स्कॉटलंड-आयर्लंडमधली आणि अमेरिकेच्या काही भागांतली माणसं मात्र अजून आधी हलकासा 'ह' फुंकतात. मी या लेखात 'व्हाइन' लिहिते आहे ते केवळ तुमचा पेल्याशी घोटाळा होऊ नये म्हणून. म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागू देऊ नका. दात लागले की शब्द द्राक्षाच्या वेलाचा होतो. ओठ शिट्टी मारताना करतो तसे गोल करायचे आणि मग 'आइन' सोडायचं. 'व्हिंज'चंही तेच: ओठ गोल, आणि शेवटचा 'ज' जावयातला नाही, जिलबीतला.

आरशासमोर वाइन, व्हाइन आणि वेलवाला शब्द असे तिन्ही म्हणून पाहा. पहिल्या दोघांत ओठ सारखेच दिसतात, तिसऱ्यात दात दिसतात. दात दिसले नाहीत तर तुम्ही व्ही म्हणतच नाही आहात, आणि हा आपल्याकडचा जुना रोग आहे.

सूर ओळखा, मग शब्द निवडा

हा शब्द माणसाच्या आधी आवाजाचा होता. जुन्या इंग्रजीत हवेतून सूं करत जाणाऱ्या बाणाच्या आवाजाला हे क्रियापद लावत. आजही बंद दारापाशी कुत्रं कूं कूं करतं ते व्हाइन, कानाशी डास गुणगुणतो ते व्हाइन, मोटारीचं इंजिन बारीक आवाजात किंचाळतं तेही व्हाइन. उंच पट्टी, लांबवलेला स्वर, थोडं नाकातून. खंडेराव मार्केटात भाजी घेणाऱ्या आईचा पदर धरून उभं असलेलं पोर आठवा. "आई, चल नाऽऽ." आई वांगी निवडते आहे. "आई, चल नाऽऽऽ." 'ना' दर वेळी थोडा लांबतो, थोडा वर जातो, आणि पोर गुडघ्यात वाकत जातं. नेमकं हेच व्हाइन. पोराला भूक लागली आहे हे खरं असलं तरी ते व्हाइनच.

मराठी माणसाला या बाबतीत शब्दांची ददात नाही, म्हणून याद्या पाठ करण्यापेक्षा आपल्या घरातल्या आवाजांशी जोडी लावावी हे मला बरं वाटतं. तापातल्या पोराची किरकिर, उगाच लावलेली पिरपिर, हे व्हाइन. दबक्या आवाजात, ओठांतल्या ओठांत, समोरच्याला ऐकू जावं न जावं अशी कुरकुर म्हणजे ग्रम्बल. मराठीत जुनी खाट कुरकुरते, इंग्रजीत लांबचे ढग ग्रम्बल करतात आणि भुकेलं पोटही. 'ही पेड द बिल, ग्रम्बलिंग अबाउट द प्राइस': पैसे दिले, पण कुरकुरत. म्हणजे ग्रम्बल करणारा काम करतो, व्हाइन करणारा बसून राहतो, असाही ढोबळ फरक धरायला हरकत नाही. 'कार्प' म्हणजे खुसपटं काढणं: मीठ कमी, पोळी जाड, पडद्याचा रंग उठून दिसत नाही. त्याला 'ॲट' किंवा 'अबाउट' लागतं आणि त्याच नावाच्या माशाशी त्याचा काही संबंध नाही. 'मोन' इंग्लंडात रोजच्या बोलण्यात फार. 'हॅव अ मोन' म्हणजे जरा रडगाणं गाऊन मन हलकं करणं. त्याचे दुसरेही अर्थ आहेत, तेव्हा नवख्याने तो जपून वापरावा.

'ग्राइप' हा शब्द आपल्या सगळ्यांच्या घरात औषधाच्या कपाटात होता, फक्त ओळख नव्हती. तान्ह्या बाळाला देतात ते ग्राइप वॉटर. इंग्लंडात विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधवाल्याने 1851 साली ते काढलं. ग्राइप म्हणजे मुळात घट्ट पकडणं, आवळणं; मग पोटातला मुरडा; आणि मग मनात मुरडा मारून बसलेली तक्रार. 'माय ओन्ली ग्राइप इज द पार्किंग' म्हणजे बाकी सगळं छान, पार्किंगचं तेवढं खटकतं. या शब्दात व्हाइनसारखा रडका सूर नाही, त्यामुळे स्वतःबद्दल बोलताना तो बिनधास्त वापरता येतो. हॉटेलचा अभिप्राय लिहायला तर फारच सोयीचा. 'बेलीएक'चंही तसंच, आधी पोटदुखी आणि मग तक्रार. इंग्रजांच्या तक्रारी पोटातून निघतात असं दिसतं. आपल्या मात्र नाकातून.

नॅग

नॅगची गोष्ट वेगळी, कारण त्यात हेतू असतो. व्हाइन करणाऱ्याला काय हवंय हे कधीकधी त्याचं त्यालाही माहीत नसतं. नॅग करणाऱ्याला नेमकं माहीत असतं. आमच्या सासूबाई यात पारंगत होत्या. गच्चीवरची टाकी धुवायची असली की सकाळी चहाबरोबर एकदा, पेपर वाचताना एकदा, जेवताना ताक वाढता वाढता एकदा, आणि हे झोपायला निघाले की "टाकीचं लक्षात आहे ना रे?" आवाज चढवायच्या नाहीत. चौथ्या दिवशी टाकी धुतलेली असायची. मराठीत याला टुमणं लावणं किंवा भुणभुण म्हणतात. शब्द उत्तर युरोपातल्या भाषांकडून आलेला दिसतो, तिथे त्याच्या सख्ख्या शब्दांचा अर्थ कुरतडणं.

वाक्यरचनेत फरक नेमका इथेच पडतो, तेवढा घट्ट लक्षात ठेवा. नॅगला माणूस थेट कर्म म्हणून चालतो: 'शी नॅग्ड हिम टू क्लीन द टँक.' व्हाइनला चालत नाही. 'ही व्हाइन्ड मी' हे वाक्य इंग्रजीत नाहीच. व्हाइन कशाबद्दल केलं ते 'अबाउट'ने, कुणापाशी केलं ते 'टू'ने, आणि काय म्हणत केलं ते 'दॅट'ने सांगायचं: 'ही व्हाइन्ड टू हिज मदर अबाउट द होमवर्क', 'ही व्हाइन्ड दॅट इट वॉज टू हॉट'. नॅग लिहिताना ईडी किंवा आयएनजी जोडलं की जी दोनदा येतो. व्हाइनचा शेवटचा ई आयएनजीपुढे गळतो. व्हिंजचा ई ठेवा किंवा काढा, दोन्ही चालतं. कोशांत दोन्ही सापडतात, वाद घालू नका.

नॅगबद्दल माझी स्वतःची एक तक्रार आहे. हा शब्द बायकांना चिकटवला गेलाय. 'नॅगिंग वाइफ' ही जोडी इंग्रजीत इतकी रुळली आहे की विद्यार्थी वाक्य करायला घेतात ते तिथूनच सुरू होतात. नवऱ्याने इस्त्रीच्या कपड्यांचं चारदा विचारलं तर ती आठवण, बायकोने गॅसच्या नंबराचं चारदा विचारलं तर नॅगिंग. परदेशातल्या ऑफिसात बाईबद्दल हा शब्द वापराल तर ती तरी रागावेल किंवा शेजारी बसलेला कुणीतरी. सहकाऱ्याला पुन्हा पुन्हा आठवण करायची वेळ आली तर स्वतःलाच तो लावून घ्यावा: 'सॉरी टू नॅग, बट आय नीड द फाइल टुडे.' यात समोरच्याला टोचत नाही आणि फाइलही येते. इंग्रजांची ही जुनी युक्ती आहे, घ्यायला हरकत नाही.

नॅगचा एक सभ्य उपयोगही आहे, तो डॉक्टरांकडे कामाला येतो. गुडघ्यात फार नाही, पण सारखं ठसठसतं, हे सांगायचं तर 'अ नॅगिंग पेन इन माय नी'. मनात रुतून बसलेली शंका म्हणजे 'अ नॅगिंग डाउट'. इथे कुणावर शेरा नाही, फक्त पाठ सोडत नाही एवढाच अर्थ.

'ऑलवेज'ची किमया

पिरपिरीतलं 'सारखं' इंग्रजीत आणायचं कसं? यादी पाठ करणारे याच ठिकाणी अडकतात. 'ही ऑलवेज व्हाइन्स' म्हणजे तो नेहमी पिरपिर करतो, ही झाली नुसती माहिती. 'ही इज ऑलवेज व्हाइनिंग' म्हटलं की त्यात तुमचा वैताग उतरतो: हा मेला सारखा पिरपिर करत असतो! आपणही मराठीत 'करतो' सोडून 'करत असतो' म्हणतो तेव्हा नेमका हाच वैताग घालतो, त्यामुळे हे आपल्याला शिकवावं लागत नाही, फक्त जोडून द्यावं लागतं. 'कीप'ही तसाच कामाचा: 'शी कीप्स व्हाइनिंग अबाउट द हीट.' मे महिन्यात वडोदऱ्यात हे वाक्य कुणाहीबद्दल खरं असतं.

गुजराती शेजारामुळे माझ्या वर्गात आणखी एक शब्द नेहमी येऊन पडतो: ककळाट. घरातली रोजची कटकट, भांडण, रडारड, सगळं त्यात आलं. नरकचतुर्दशीला आमच्याकडे पहाटे उटणं लावून अंघोळी होतात, कारीट फोडलं जातं. त्याच दिवशी, जिला गुजरातीत काळी चौदस म्हणतात, शेजारच्या बेन संध्याकाळी वडे तळतात. त्यातले थोडे घेऊन चार रस्त्यावर जायचं, तिथे ते ठेवून भोवती पाण्याची धार फिरवायची आणि मागे वळून न बघता घरी यायचं. झाला, घरातला ककळाट बाहेर काढला. वर्षभराची कटकट चौकात सोडून यायची ही सोय मला फार आवडते, आमच्या पंचांगात ती असायला हवी होती. मुलं विचारतात, याला इंग्रजीत काय म्हणू? एका शब्दात नाही येत. ककळाट दोन्ही बाजूंनी चालतो आणि व्हाइन-नॅग एका बाजूने. दोघं मिळून चाललेल्या क्षुल्लक भांडणाला 'बिकरिंग' म्हणतात. तेव्हा 'कॉन्स्टंट नॅगिंग अँड बिकरिंग' म्हणा आणि वड्यांबद्दल वेगळं सांगा.

क्रिब इथेच ठेवून जा

आपल्याकडच्या ऑफिसांत, कॉलेजांत पिरपिरीला सर्रास 'क्रिब' म्हणतात. 'यार, क्रिबिंग बंद कर.' अलकापुरीतल्या कुठल्याही ऑफिसच्या लिफ्टमध्ये ऐकू येईल. आपसांत खुशाल वापरा, चुकीचं काही नाही, भारतीय इंग्रजीत ते पक्कं झालंय. पण अमेरिकेत क्रिब म्हणजे बाळाचा कठडेवाला पलंग, आणि परीक्षेच्या संदर्भात नक्कल. 'माय रूममेट इज ऑलवेज क्रिबिंग' असं तिकडे म्हणालात तर तो कॉपी करतो असा आळ तुम्ही त्याच्यावर घातलात असं कुणी समजेल. त्याऐवजी अमेरिकेत 'व्हाइन', इंग्लंड-ऑस्ट्रेलियात 'व्हिंज'. न्यूयॉर्कच्या बाजूला 'क्वेच' ऐकाल. तो यिडिश भाषेतून आला आहे, मुळात अर्थ पिळणं, दाबणं. ऐकून ठेवा, वापरायची घाई नको.

व्हिंज, आणि ऑस्ट्रेलियाला निघालेल्यांनी हे वाचाच

व्हिंज हा व्हाइनचा उत्तरेकडचा भाऊ. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडात तो आधीपासून होता, अमेरिकेत जवळजवळ नाहीच. ऑस्ट्रेलियात मात्र त्याला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाला माणसं हवी होती, आणि ब्रिटनमधून येणाऱ्याला सरकारने अवघ्या दहा पौंडांत बोटीचं तिकीट देऊ केलं, मुलं फुकट. लाखो लोक आले. त्यांना 'टेन पाउंड पॉम' हे नाव पडलं, पॉम म्हणजे ऑस्ट्रेलियन बोलीत इंग्रज. अट अशी की दोन वर्षं राहायचं. आधी परतायचं तर सरकारने भरलेलं भाडं फेडायचं आणि परतीचं तिकीटही आपल्या खिशातून. उन्हाने भाजून निघालेल्या, पत्र्याच्या छावण्यांत ठेवलेल्या आणि परत जाऊ न शकणाऱ्या या मंडळींनी तक्रारी केल्या नसत्या तरच नवल. तिथल्या लोकांनी त्यांचं नामकरण केलं, 'व्हिंजिंग पॉम'. आजही क्रिकेटच्या मोसमात, इंग्लंडची टीम आली की ही जोडी वर येते.

यावरून तुम्ही काय घ्यायचं? एक तर ही थट्टा त्या दोघांच्या घरातली आहे, आपण पाहुण्यांनी तीत पडू नये. ऑस्ट्रेलियन इंग्रजाला म्हणेल, तुम्ही म्हणू नका. दुसरं, व्हिंज करणारा माणूस तिकडे फारसा आवडत नाही हे कळून असावं. नव्या नोकरीत पहिल्या आठवड्यात जेवण, हवा, भाडं, बस अशा सगळ्यांवर बोलाल तर 'स्टॉप व्हिंजिंग' ऐकायला मिळेल. मात्र त्याच्याच शेजारी 'हॅव अ व्हिंज' ही एक मैत्रीची सोय आहे. दिवसभराच्या कामानंतर 'कॅन आय हॅव अ व्हिंज?' असं विचारलं तर समोरचा खुर्ची ओढून बसतो. परवानगी मागून केलेली पिरपिर कुणाला खुपत नाही. स्वतःबद्दल वापरायचा तर असा.

मग खरी तक्रार कशी लिहायची

नळ अजून गळतोच आहे, तेव्हा त्याचंही सांगते. खऱ्या तक्रारीला शब्द एकच, 'कम्प्लेन', आणि त्याचं मूळ लॅटिनमध्ये ऊर बडवण्याशी जातं. आज त्यात बडवणं उरलेलं नाही, अगदी कोरडा, ऑफिशियल शब्द झाला आहे. त्याच कुळातला 'प्लेंट' आपल्या कोर्टात अजून जिवंत आहे: 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत दावा दाखल करण्याच्या अर्जाला तेच नाव आहे, मराठीत वादपत्र. लहरीपुऱ्याच्या न्यायमंदिरात कोर्ट भरत होतं तेव्हा आमच्या गल्लीतले वकील बायकोच्या कटकटीबद्दल आणि अशिलाच्या 'प्लेंट'बद्दल एकाच दमात बोलत.

इथे आपल्याकडचा एक घोटाळा फार पसरलेला आहे. 'कम्प्लेन' क्रियापद, 'कम्प्लेंट' नाम, शेवटी टी. आपण मराठीत 'कम्प्लेंट करणे' म्हणतो, म्हणून इंग्रजीत 'आय वाँट टू कम्प्लेंट' लिहून मोकळे होतो. नाही. 'आय वाँट टू कम्प्लेन' किंवा 'आय वाँट टू मेक अ कम्प्लेंट'. आणि 'आय कम्प्लेन्ड हिम'ही नाही. 'आय कम्प्लेन्ड टू हिम अबाउट द टॅप'. नॅग सोडला तर या कुळातल्या कुणालाही माणूस थेट लागत नाही, हे एकदा पक्कं झालं की अर्धं काम झालं.

आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या 'जनरल ट्रेनिंग' प्रकारात लेखनाचा पहिला प्रश्न पत्राचा असतो, निदान 150 शब्दांचा, आणि त्यात तक्रारीचं पत्र वारंवार येतं. तिथे या लेखातला एकही रंगीत शब्द नको. व्हाइन नको, नॅग नको, ग्राइपही नको. मेलबर्नच्या पोराने नंतर मालकाला जे पाठवलं ते असं: 'आय ॲम रायटिंग टू रिपोर्ट अ लीकिंग टॅप इन द किचन. आय फर्स्ट मेन्शन्ड इट टू वीक्स अगो. वॉटर इज नाउ कलेक्टिंग अंडर द सिंक. कुड यू प्लीज अरेंज फॉर अ प्लंबर धिस वीक?' काय बिघडलं, कधी सांगितलं, आता काय होतंय, तुम्ही काय करायचं. 'रिपोर्ट' हा शब्द पाहा, तक्रार म्हणून ओरड नाही आणि लाचारीही नाही. शेवटच्या वाक्यातला दिवस किंवा आठवडा मात्र कधी गाळू नका. 'ॲज सून ॲज पॉसिबल' लिहिलं की समोरचा ते आपल्या सोयीने वाचतो.

एवढं सगळं नीट लिहूनही कुणी उलट तुम्हालाच 'स्टॉप व्हाइनिंग' म्हणालं तर? असं होतं, विशेषतः तक्रार खरी असते तेव्हा, कारण तक्रारीचं उत्तर देण्यापेक्षा तक्रार करणाऱ्याच्या सुरावर बोलणं सोपं. अशा वेळी 'आय ॲम नॉट व्हाइनिंग' एवढं म्हणून थांबू नका, ते ऐकायला व्हाइनसारखंच लागतं. आवाज एक पट्टी खाली आणा, वाक्य तोडून बोला, शेवटचा स्वर लांबवू नका, आणि थेट कामावर या: 'द टॅप इज स्टिल लीकिंग. विच डे कॅन द प्लंबर कम?' पोराचा नळ त्या शनिवारी दुरुस्त झाला. आता त्याच्या खोलीतला हीटर बिघडलाय आणि त्याबद्दल तो रोज रात्री मला फोन करून मराठीत व्हाइन करतो.